वेढा, थेंब आणि लिटर

बाळगुटी उगाळणाऱ्या आज्या ‘थोडंसं जायफळ’ असं कधी म्हणत नाहीत. त्या वेढे मोजतात. सहाणेवर दुधाचे चार थेंब टाकायचे, मग हळकुंडाचे दोन वेढे, बाळहिरड्याचा एक, वेखंडाचा एक आणि जायफळाचा एकच, तोही हलक्या हाताने. बाळ मोठं होत जाईल तसे वेढे वाढतात. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज बाळाला काहीही देऊ नका, असं आजचे बालरोगतज्ज्ञ सांगतात आणि ते ऐकायलाच हवं. तरीही त्या वेढे मोजण्यामागची जाण खरी होती. जायफळाने मूल शांत झोपतं आणि जरा जास्त झालं तर नको इतकं सुस्तावतं, हे त्या बायकांनी पाहिलेलं होतं.

हेच जायफळ किसून आपण श्रीखंडात घालतो, पुरणात घालतो. चार-सहा माणसांच्या पुरणाला चिमूटभर पुरतं आणि त्याने कुणाला काही होत नाही. पण एक अख्खं जायफळ, म्हणजे साधारण 5 ग्रॅम किंवा त्याहून अधिक पूड, एकदम पोटात गेली तर काही तासांनी छाती धडधडू लागते, तोंड कोरडं पडतं, मळमळतं, माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागतो. त्यातलं मायरिस्टिसिन हे द्रव्य दोन्ही वेळा तेच असतं. जायफळावर कुठेही ‘इथपर्यंत मसाला, इथून पुढे विष’ अशी रेघ आखलेली नसते. ती रेघ आपल्या शरीरात असते आणि प्रत्येक शरीरात ती वेगळ्या जागी असते.

ही गोष्ट फार पूर्वी माणसाच्या लक्षात आली. नीट योजलं तर तीव्र विषही उत्तम औषध होतं आणि वाईट रीतीने वापरलेलं औषधही विषासारखं मारक ठरतं, असा विचार चरकसंहितेत आहे. युरोपात पॅरासेल्ससने (1493–1541) हेच ठासून मांडलं. हा वैद्य पाऱ्यासारखी जहाल द्रव्यं रोग्यांना देतो, असा आरोप त्याच्यावर होता. 1538 साली स्वतःच्या बचावासाठी लिहिताना त्याने सांगितलं की विषारी नाही असा पदार्थच नाही, विष ठरवते ती फक्त मात्रा. आजच्या विषशास्त्राची सुरुवात याच विचारापासून मानतात.

मात्र हे सूत्र अर्धवट सांगितलं की घातक होतं. ‘प्रमाण अगदी थोडं आहे, घाबरू नका’ असं म्हणून कुणीही हात झटकू शकतं. म्हणून ‘किती’ विचारताना आणखी तीन गोष्टी विचाराव्याच लागतात. ते कुणाच्या पोटात गेलं? किती वेळात गेलं? आणि किती दिवस जात राहिलं?

पॅरासिटामॉलपासून सुरुवात करू, कारण ते जवळपास प्रत्येक घरात असतं. ताप आला, अंग दुखलं की 500 किंवा 650 मिलिग्रॅमची गोळी आपण घेतो. निरोगी प्रौढासाठी दिवसाला 4 ग्रॅम ही वरची मर्यादा मानतात. वजन कमी असेल, यकृत दुबळं असेल तर डॉक्टर ती आणखी खाली आणतात. मर्यादेच्या आत हे औषध फार गुणी आहे. त्याचा बहुतेक भाग यकृतात निरुपद्रवी रूपात बदलतो आणि लघवीवाटे निघून जातो. पण एक लहानसा हिस्सा वेगळ्या वाटेने जातो आणि त्यातून एक जहाल पदार्थ तयार होतो. हे प्रत्येक गोळीच्या बाबतीत होतं, अगदी पहिल्या गोळीच्याही. आपल्याला ते जाणवत नाही, कारण यकृतात ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य तयार असतं आणि ते त्या जहाल पदार्थाला धरून निकामी करतं.

पंगतीला माणसं बेताची असली की दोन वाढपी सगळं सांभाळतात. अचानक तिप्पट पानं मांडली तर ते कितीही चपळ असले तरी कमी पडतात आणि गोंधळ एकदमच सुरू होतो. ग्लुटाथायोनचं असंच आहे. साठा पुरतो तोवर यकृताला ओरखडाही उठत नाही. साठा तिसऱ्या हिश्शाच्या खाली गेला की मोकाट सुटलेला पदार्थ यकृताच्या पेशींना जाऊन चिकटतो आणि त्या मरू लागतात. एकाच वेळी वजनाच्या दर किलोमागे 150 मिलिग्रॅमहून जास्त औषध पोटात गेलं तर हा धोका खरा मानतात. नेहमी दारू पिणाऱ्याचा किंवा कित्येक दिवस उपाशी असलेल्याचा साठा आधीच उणा असतो, त्यामुळे त्याची रेघ इतरांपेक्षा खाली असते.

यात सगळ्यात फसवा असतो तो पहिला दिवस. जास्त गोळ्या घेतलेल्या माणसाला मळमळ होते, थोडं गळल्यासारखं वाटतं आणि मग बरंही वाटू लागतं. घरचे निर्धास्त होतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उजव्या बरगडीखाली दुखू लागतं, कावीळ दिसते आणि तोवर यकृत कोसळायला लागलेलं असतं. यावर उतारा आहे. त्याचं नाव एन-ॲसिटिलसिस्टीन. त्यापासून शरीर पुन्हा ग्लुटाथायोन बनवतं. पहिल्या आठ तासांत तो मिळाला तर यकृत जवळपास निश्चित वाचतं. म्हणून अशा वेळी ‘आता बरं वाटतंय’ यावर विसंबून घरी थांबू नये, तडक रुग्णालय गाठावं. ब्रिटनने 1998 मध्ये एका पाकिटात किती गोळ्या विकायच्या यावर बंधन घातलं आणि त्यानंतर तिथे पॅरासिटामॉलमुळे होणारे मृत्यू घटले. औषध तेच राहिलं, दुकानातून एका वेळी घरात येणारा आकडा तेवढा बदलला.

अजाणता मात्रा वाढण्याची वाट बहुधा सर्दीच्या गोळ्यांतून जाते. तापाची गोळी वेगळी, सर्दीची वेगळी, अंगदुखीची वेगळी असं समजून माणूस तिन्ही घेतो आणि तिन्हींत पॅरासिटामॉल असतं. पाकिटावरचं मोठ्या अक्षरांतलं नाव कंपनीने दिलेलं असतं. त्याखालच्या बारीक अक्षरांत औषधाचं खरं नाव आणि मिलिग्रॅम असतात, ते वाचावेत.

लहान मुलांच्या बाबतीत ‘कुणाच्या पोटात’ हा प्रश्न आणखी टोकदार होतो. मुलांना पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम देतात. 10 किलोच्या बाळाला म्हणजे जास्तीत जास्त 150 मिलिग्रॅम. आता बाजारातल्या बाटल्या पाहा. एका सिरपमध्ये 5 मिलिलिटरला 120 मिलिग्रॅम असतं, दुसऱ्यात 250, आणि तान्ह्या बाळांच्या थेंबांच्या बाटलीत 1 मिलिलिटरलाच 100. पहिल्या सिरपचे सहा मिलिलिटर या बाळाला योग्य. थेंबांच्या बाटलीतून तेवढंच दिलं तर 600 मिलिग्रॅम, म्हणजे चौपट. बाटली लहान, तिच्यावर बाळाचं चित्र, त्यामुळे हे औषध सौम्य असेल असं वाटतं. खरं तर थेंब मोजून द्यायचे असल्यामुळे तेच सर्वांत तीव्र केलेलं असतं. स्वयंपाकघरातले चमचे एकसारखे नसतात, म्हणून बाटलीबरोबर आलेलं मापच वापरायचं.

लोहाच्या लाल गोळीबद्दल तर मला कळकळीने सांगावंसं वाटतं. आशाताई गरोदर बाईला ज्या गोळ्या देतात, त्यातल्या प्रत्येकीत 60 मिलिग्रॅम लोह असतं. रोज एक याप्रमाणे निदान सहा महिने घेतल्या की रक्तक्षय आटोक्यात येतो, बाळंतपणातला धोका कमी होतो. या गोळ्यांनी आपल्याकडच्या असंख्य बायकांचं भलं केलं आहे. पण गोळी लाल आहे, तिच्यावर साखरेचा लेप आहे आणि घरात बहुधा आधीचं दीड-दोन वर्षांचं मूल असतं. किलोमागे 20 मिलिग्रॅमपासून लोहाची विषबाधा सुरू होऊ शकते आणि 60 मिलिग्रॅमच्या वर ती जिवावर बेतते. 10 किलोच्या मुलाने गोड लागतात म्हणून दहा गोळ्या खाल्ल्या की 600 मिलिग्रॅम झाले. आई जेवढं लोह दहा दिवसांत घेते, तेवढं त्या मुलाच्या पोटात दहा मिनिटांत जातं. जास्तीचं लोह बाहेर टाकण्याची सोय माणसाच्या शरीरात जवळजवळ नाही. एरवी आतडं गरजेपुरतंच लोह आत घेतं, पण एवढ्या माऱ्याने आतड्याचं अस्तरच सोलवटतं आणि दार सताड उघडतं. या गोळ्या फडताळाच्या वरच्या कप्प्यात, घट्ट झाकणाच्या डब्यात असायला हव्यात.

वेळेचं गणित समजून घ्यायचं तर ज्वारीच्या रानात जावं. पाऊस ओढ देतो, ज्वारी गुडघ्याएवढी होऊन सुकू लागते, किंवा कापणीनंतर बुडख्यांना कोवळे धुमारे फुटतात. अशा वेळी दावं तोडून रानात शिरलेली गाय तासाभरात मरून पडल्याच्या घटना ज्वारीच्या पट्ट्यात नव्या नाहीत. कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचं द्रव्य असतं. चावल्यावर आणि पोटात गेल्यावर त्यातून सायनाइड सुटतं. पीक जसं वाढतं तसं धुरिनचं प्रमाण उतरतं. त्यामुळे तयार झालेलं धाट किंवा वाळलेला कडबा हीच गाय वर्षभर खाते आणि धडधाकट राहते.

सायनाइडचा नुसता उल्लेख झाला तरी आपण दचकतो. पण जनावराचं आणि माणसाचं शरीर थोडं सायनाइड रोज निकामी करत असतं. यकृतातलं एक विकर त्याला गंधकाची जोड देऊन थायोसायनेट बनवतं आणि ते लघवीवाटे जातं. हे काम ठरावीक वेगाने चालतं. पोट भरलेली गाय कोवळी ज्वारी दिवसभर थोडी थोडी चघळत राहिली तर सुटणारं सायनाइड आणि निकामी होणारं सायनाइड यांचा मेळ बसू शकतो. भुकेलेली गाय तेवढाच चारा अर्ध्या तासात बकाबका खाते आणि मरते. दोघींनी खाल्लेलं एकूण सायनाइड सारखंच. पशुवैद्य अशा जनावराला शिरेतून सोडियम थायोसल्फेट देतात. त्यातून यकृताला हवं असलेलं गंधक मिळतं आणि मंदावलेलं काम वेग घेतं. वेळेवर पोहोचले तर पडलेलं जनावर उठून उभं राहतं.

पाण्यालाही हाच नियम लागू आहे. निरोगी मूत्रपिंडं तासाला साधारण लिटरभर पाणी बाहेर टाकू शकतात. त्याहून फार वेगाने पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि मेंदूला सूज येते. 2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या 488 धावपटूंपैकी 13 टक्के जणांच्या रक्तातलं सोडियम घसरलेलं आढळलं, आणि त्याचा सगळ्यात जवळचा संबंध शर्यतीत पाणी-सरबत पिऊन वाढलेल्या वजनाशी होता.

आता शेतातल्याच दुसऱ्या विषाकडे वळतो. कीटकनाशकाच्या डब्यावर चौकटीत एक रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिजहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. हे रंग कुठून येतात? 1927 मध्ये जे. डब्ल्यू. ट्रेव्हन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने एक मोजमाप सुचवलं. ज्या मात्रेने प्रयोगातले निम्मे प्राणी मरतात ती मात्रा शोधायची आणि वजनाच्या किलोमागे मिलिग्रॅममध्ये मांडायची. तिला ‘एलडी-50’ म्हणतात. तोंडावाटे दिलेली ही मात्रा 1 ते 50 मिलिग्रॅम असेल तर त्रिकोण लाल, 51 ते 500 असेल तर पिवळा, 501 ते 5000 पर्यंत निळा आणि त्यापुढे हिरवा. तुलना करायला हे माप सोयीचं आहे. पण हे उंदराला एकदाच दिलेल्या मात्रेचं माप आहे. पाठीवर पंप घेऊन दिवसभर फवारणी करणाऱ्या माणसाबद्दल ते फार थोडं सांगतं.

2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात जे घडलं ते यातूनच समजतं. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. यातल्या बहुतेकांनी काही प्यायलेलं नव्हतं. कपाशी डोक्याइतकी वाढलेली, त्यामुळे फवारा अंगावर आणि नाकातोंडावर येत होता. घामाने भिजलेल्या कपड्यांतून औषध कातडीला लागत राहिलं. दोन-तीन औषधं एकत्र करून मारली जात होती. मात्रा शरीरात शिरण्याची वाट बदलली होती, आणि ती मोजणारं तिथे कुणी नव्हतं.

ऑर्गनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं आपल्या नसांमधलं एक आवश्यक विकर बंद पाडतात. ते विकर पूर्ववत व्हायला कित्येक दिवस, कधी आठवडे लागतात. सोमवारी थोडं विकर निकामी झालं, माणसाला नुसतं डोकं जड वाटलं. मंगळवारी पुन्हा फवारणी, आणखी थोडं गेलं. बुधवारची मात्रा सोमवारएवढीच असली तरी शरीर सोमवारचं उरलेलं नसतं. बाहुल्या बारीक होतात, तोंडाला लाळ सुटते, दम लागतो. मजुराला रोजच्या रोज फवारणीला लावणाऱ्यांनी हे समजून घ्यायला हवं. हातमोजे, मुखपट्टी आणि पूर्ण बाह्यांचा सदरा देणं ही मेहरबानी नव्हे. आणि दोन फवारण्यांमध्ये त्याच माणसाला पुरेशी विश्रांती द्यायला हवी.

‘भाजीत कीटकनाशकाचे अंश सापडले’ या बातमीने मात्र आपण ज्या प्रकारे हादरतो, तिथे थोडं थांबावं असं मला वाटतं. आजची यंत्रं अब्जातला एक भाग सहज ओळखतात. एक अब्जांश म्हणजे 1000 टन धान्यात, दहा टनांचे शंभर ट्रक भरतील एवढ्या धान्यात, मिळून 1 ग्रॅम. एवढं बारीक शोधू लागलं की जवळजवळ प्रत्येक गोष्टीत काही ना काही सापडतं. खरी माहिती मर्यादेशी केलेल्या तुलनेत असते. ती मर्यादा ठरवण्याची पद्धत अशी की प्राण्यांना दीर्घकाळ वेगवेगळ्या मात्रा देऊन ज्या सर्वांत मोठ्या मात्रेनेही काही इजा दिसत नाही ती शोधायची आणि तिला सामान्यतः शंभराने भागायचं. प्राण्यांपेक्षा माणूस दहापट नाजूक असू शकतो म्हणून एक दहा, आणि माणसामाणसांत दहापट फरक असू शकतो म्हणून दुसरा दहा. माणूस जन्मभर रोज एवढं घेत राहिला तरी चालेल, अशी ती मात्रा. बातमीत ‘सापडलं’ एवढंच असेल आणि ‘किती’ नसेल तर ती बातमी अर्धीच आहे. आणि ‘मर्यादेच्या अनेक पट’ असेल, तर तिच्याकडे दुर्लक्ष करणं हा गुन्हा आहे.

‘थोडं चालतं’ हा नियम जिथे लागू होत नाही त्या जागाही ठाऊक असाव्यात. शिशाचं उदाहरण सगळ्यात बोलकं. 1960 च्या दशकात अमेरिकेत मुलाच्या डेसिलिटरभर रक्तात 60 मायक्रोग्रॅमपर्यंत शिसं असलं तरी काळजीचं मानत नसत. संशोधन पुढे गेलं तसा तो आकडा 40, 30, 25 असा उतरत 1991 मध्ये 10 वर, 2012 मध्ये 5 वर आणि 2021 मध्ये 3.5 वर आला. दर वेळी नव्या रेघेखालच्या मुलांमध्येही बुद्धीची हानी दिसत गेली. आज जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका स्पष्ट आहे की शिशाची सुरक्षित म्हणता येईल अशी कुठलीही पातळी माहीत नाही. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवतं आणि वाढत्या मेंदूत शिरू देतं. लोहाची किंवा तांब्याची शरीराला थोडी तरी गरज असते, शिशाची मुळीच नसते. भारतात शिसेयुक्त पेट्रोल 2000 साली बंद झालं, घरगुती रंगांतल्या शिशावर 2017 पासून 90 पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांची, मर्यादा आली. हळदीला झळाळी यावी म्हणून लेड क्रोमेट मिसळणारे लोक मुलांच्या मेंदूशी खेळत असतात, त्यांना ‘चिमूटभरच तर घातलं’ ही सबब मिळता कामा नये.

तंबाखूचंही तसंच. रोज वीसवरून एक सिगारेटवर आलो म्हणजे हृदयरोगाचा धोका वीसपटीने उतरला, असं हिशेबाने वाटतं. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित अभ्यासात, वीस सिगारेटींमुळे हृदयरोगाचा जो जादा धोका वाढतो त्याचा जवळजवळ निम्मा वाटा रोजच्या एकाच सिगारेटीने उचलल्याचं दिसलं. मात्रा आणि इजा यांचं नातं नेहमी सरळ रेषेत नसतं.

हे सगळे प्रश्न एकाच जागी भेटतात ते फ्लोराइडमध्ये. त्याची कथा दातांपासून सुरू होते. 1901 मध्ये फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथे आला. तिथल्या लोकांच्या दातांवर तपकिरी डाग होते, आणि नवल म्हणजे ते डागाळलेले दात सहसा किडत नव्हते. तीसेक वर्षांच्या शोधानंतर, 1931 मध्ये, एच. व्ही. चर्चिल या रसायनशास्त्रज्ञाने पाण्यातलं फ्लोराइड हे त्याचं कारण असल्याचं दाखवून दिलं. मग ट्रेंडली डीन या दंतवैद्यांनी गावोगावचं पाणी आणि मुलांचे दात ताडून पाहिले. लिटरमागे 1 मिलिग्रॅमच्या आसपास फ्लोराइड असेल तर दात किडीपासून वाचतात आणि डागही फारसे पडत नाहीत, असं त्यांना आढळलं. जानेवारी 1945 मध्ये ग्रँड रॅपिड्स शहराने आपल्या पाण्यात मुद्दाम फ्लोराइड मिसळायला सुरुवात केली.

याच सुमारास भारतात मात्र उलटं चित्र नोंदवलं गेलं होतं. 1937 मध्ये तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागात पाठीचा कणा ताठरलेले, सांधे आखडलेले लोक डॉक्टरांना आढळले. त्यांच्या विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड बरंच जास्त होतं. एका देशात जे पाण्यात घालायचं, तेच दुसऱ्या देशात पाण्यातून काढायचं, अशी वेळ आली.

आपल्याकडे चंद्रपूर, यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांच्या काही भागांत हा प्रश्न फार जुना आहे. महाराष्ट्राचा बराचसा भाग बेसाल्टचा आहे, पण पूर्वेकडे त्याहून जुने ग्रॅनाइट आणि नाइस खडक आहेत. अशा खडकांतल्या खनिजांमधून फ्लोराइड पाण्यात उतरतं. पाणी जितकं खोल आणि जितका काळ खडकाच्या सहवासात राहिलेलं, तितकं ते सहसा जास्त. उघड्या विहिरीत दर पावसाळ्यात नवं पाणी येतं, खोल बोअरमध्ये जुनं पाणी असतं. बहात्तरच्या दुष्काळानंतर गावोगाव बोअर घेतले गेले, हातपंप बसले. त्या हातपंपांनी पटकी, हगवण आणि नारू यांपासून असंख्य जीव वाचवले, हे विसरता येणार नाही. पण काही गावांत त्याच पाण्याबरोबर फ्लोराइडही वर आलं. स्वच्छ, थंड, चवीला उत्तम असं ते पाणी असतं. फ्लोराइडला रंग नाही, वास नाही.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 1 मिलिग्रॅम फ्लोराइड स्वीकारार्ह आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घेता येतं. पण शरीराला लिटरमागचा आकडा कळत नाही, दिवसभरात पोटात किती मिलिग्रॅम गेलं तेच कळतं. कार्यालयात बसणारा माणूस दोन लिटर पाणी पितो. 3 मिलिग्रॅमच्या पाण्यातून त्याच्या पोटात 6 मिलिग्रॅम जातं. मे महिन्यात विदर्भात रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणारी बाई पाच-सहा लिटर पिते, तिच्या पोटात त्याच पाण्यातून 15 ते 18 मिलिग्रॅम जातं. वर कोरा चहा असेल तर त्यातलं आणखी, कारण चहाच्या पानातही फ्लोराइड असतं. अमेरिकेने 1962 मध्ये हे ओळखून थंड प्रदेशाला 1.2 आणि उष्ण प्रदेशाला 0.7 मिलिग्रॅम अशी हवामानानुसार वेगवेगळी पातळी सुचवली होती. आता तिथे सगळीकडे 0.7 ची शिफारस आहे. आपल्या मर्यादा ठरवताना उन्हात राबणाऱ्यांची तहान हिशेबात धरली जावी, असं मला मनापासून वाटतं.

वयाचा भाग तर याहून निर्णायक. दातांचं लुकण साधारण आठव्या वर्षापर्यंत घडतं. डाग पडायचे ते त्याच काळात पडतात, मोठेपणी त्या गावात राहायला गेलेल्याचे दात डागाळत नाहीत. हाडं मात्र कोणत्याही वयात फ्लोराइड साठवत राहतात. वर्षानुवर्षं साठत गेल्यावर कंबर वाकेना, मान वळेना अशी अवस्था येते. तिथून परत फिरता येत नाही. आहारात दूध, तीळ, नाचणी, तरोट्याची भाजी असेल तर त्यातलं कॅल्शियम आतड्यातच काही फ्लोराइड अडवतं. म्हणजे एकच हातपंप, पण खात्यापित्या घरापेक्षा भाकरी-चटणीवर राहणाऱ्या घराला त्याचा फटका जास्त.

पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने ते दाट होतं. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून ते काढण्याची पद्धत विकसित केली. तेलंगणातल्या नलगोंडा जिल्ह्यावरून तिला नलगोंडा तंत्र म्हणतात. हे काम बादलीतही होतं आणि गावाच्या टाकीतही. सक्रिय ॲल्युमिनाच्या गाळण्या आणि आरओची यंत्रंही वापरात आहेत. या सगळ्यांची अडचण म्हणजे देखभाल. गाळणी वेळेवर बदलली नाही तर नळाचं पाणी पुन्हा पहिल्यासारखं येतं आणि कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणून अशा गावात पाणी वर्षातून एकदा तपासून भागत नाही.

गावाचं सगळं पाणी शुद्ध करायचं तर खर्च परवडत नाही, असं ग्रामपंचायतीत नेहमी ऐकू येतं. पण फ्लोराइड कातडीतून शिरत नाही. आंघोळीला, धुण्याभांड्याला, गोठा धुवायला बोअरचं पाणी बिनधोक वापरता येतं. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज 55 लिटर पाणी देण्याचं उद्दिष्ट आहे. फ्लोराइडग्रस्त वस्त्यांमध्ये चांगल्या पाण्याची योजना पूर्ण होईपर्यंत सामुदायिक शुद्धीकरण केंद्रातून त्यातलं पिण्यास्वयंपाकापुरतं, म्हणजे माणशी 8 ते 10 लिटरच पाणी देण्याची तरतूद आहे. हजार वस्तीच्या गावाला ते दिवसाला 10 हजार लिटर होतं, म्हणजे एका टँकरचं.